टूलिंग करताना चामडे पसरू नये म्हणून

टूलिंग म्हणजे ओलसर चामड्यावर रेघा कापून आणि धातूचे ठसे ठोकून नक्षी उमटवणे. बरोबर 200 मिलिमीटर रुंद कापलेला चामड्याचा तुकडा टूलिंग संपल्यावर 203 किंवा 204 भरतो. कोपरे काटकोनात राहत नाहीत, सरळ कडा नागमोडी होते आणि अस्तर लावायला घेतले की शिवणीची भोके समोरासमोर येत नाहीत. बहुतेक जण अशा वेळी ठोकणाऱ्या हाताला दोष देतात. खरे कारण त्याच्या आधीचे असते. तुकडा कातड्याच्या कोणत्या भागातून घेतला, त्यात ओल किती होती, मागे आधार कशाचा होता आणि तो अंतिम मापात केव्हा कापला, यावर बहुतेक सगळे ठरून गेलेले असते. चामड्याचे पसरणे पूर्ण थांबवता येत नाही. ते आवरता येते आणि जे उरते त्याच्यासाठी आधीच जागा सोडता येते.

चामडे पसरते कसे

टूलिंगसाठी व्हेज-टॅन, म्हणजे झाडांच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेले चामडे वापरतात. क्रोमने कमावलेल्या चामड्यावर ठसा नीट टिकत नाही, त्यामुळे इथे त्याचा विचार नाही. व्हेज-टॅनमधले कोलॅजेनचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. कोरडे असताना ते एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. पाणी आत शिरले की ही पकड सैल होते आणि दाबाखाली तंतू सरकतात. ठसा उमटतो तो याच गुणामुळे आणि चामडे पसरते तेही याच गुणामुळे. वाळल्यावर तंतू नव्या जागी पक्के होतात.

ठशाखालचे काही चामडे दाबले जाऊन घट्ट होते, बाकीचे बाजूला सरकते. बेव्हलर म्हणजे कापलेल्या रेघेची एक बाजू उतरती दाबणारा ठसा. त्याचा उतार तर चामडे ठरावीक बाजूला ढकलण्यासाठीच असतो. सर्वांत जास्त पसरवतात ते बॅकग्राउंडचे, म्हणजे नक्षीभोवतीची मोकळी जागा दाबणारे ठसे, कारण तिथे मोठा भाग पूर्ण खोलीपर्यंत दाबला जातो. नुसत्या स्विव्हल नाइफच्या, म्हणजे नक्षीच्या रेघा कापायच्या फिरत्या पात्याच्या सुरीच्या रेघांनी आकार फारसा बदलत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. काही न ठोकताही भिजलेले चामडे किंचित फुगते आणि वाळताना आकसते. त्यामुळे ओल्या तुकड्यावर घेतलेले माप कधीही अंतिम मानू नये.

कातड्याचा भाग आणि दिशा

पाठीच्या कण्यालगतचा आणि पुठ्ठ्यांकडचा, म्हणजे जनावराच्या मागच्या बाजूचा भाग सर्वांत घट्ट असतो. खांद्याचा भाग मध्यम असतो. तो टूलिंगला छान लागतो, पण थोडा जास्त ताणतो. पोटाकडचा भाग सैल, स्पंजासारखा असतो आणि सगळ्या दिशांनी पसरतो. ज्या तुकड्याला माप सांभाळायचे आहे तो पोटाकडून घेऊ नका. तिथले चामडे सरावासाठी किंवा साच्यावर ओढून आकार द्यायच्या कामासाठी राखून ठेवा.

दिशाही महत्त्वाची आहे. कण्याला समांतर चामडे कमी ताणते, आडवे जास्त. आराखडा कातड्यावर मांडताना तुकड्याची ज्या बाजूची लांबी बदललेली चालणार नाही ती कण्याला समांतर ठेवा. तुकडा आधीच कापलेला असेल आणि दिशा माहीत नसेल तर तो दोन्ही बाजूंनी हातात धरून हलकेच ओढून पाहा. जिकडे जास्त सुटतो ती आडवी दिशा. मागच्या खरखरीत बाजूवर पेन्सिलने बाण काढून ठेवा, म्हणजे पुढे गोंधळ होणार नाही.

जाडीचे गणित सरळ आहे. चामड्याच्या जाडीत 1 औंस म्हणजे सुमारे 0.4 मिलिमीटर. 3 ते 4 औंसाचे, म्हणजे 1.2 ते 1.6 मिलिमीटरचे पाकिटाचे चामडे फार लवकर पसरते आणि त्याला आधार लावल्याशिवाय हात लावू नये. 8 ते 10 औंसाचे पट्ट्याचे चामडे बरेच स्थिर असते. कडा रापीने पातळ करायच्या असतील तर ते काम टूलिंग झाल्यावर आणि चामडे वाळल्यावर करा. आधीच पातळ केलेली कड ठोक्यांनी झालरीसारखी सुटते.

आधी मोठे कापा, नंतर मापात आणा

एकच उपाय करायचा असेल तर हा करा. अंतिम आकाराच्या चारही बाजूंना 12 ते 25 मिलिमीटर जास्तीचे चामडे ठेवून तुकडा कापा. पातळ चामड्याला आणि दाट, खोल नक्षीला 25 च्या जवळ, जाड चामड्याला आणि मोजक्या नक्षीला 12 च्या जवळ. हे जादा चामडे वाया जात नाही. रुंद पट्टी कडेने पकडून ठेवते, त्यामुळे आतला भाग कमी सरकतो आणि नक्षीची बाहेरची रेघ वाकत नाही.

अंतिम आकाराचा साचा पुठ्ठ्यावर किंवा शक्य असेल तर पारदर्शक ॲक्रिलिकवर कापून ठेवा. टूलिंग पूर्ण होऊन चामडे कोरडे झाल्यावर हा साचा नक्षीवर मध्यावर बसवायचा, नक्षी कडेपासून सगळीकडे सारखी दूर आहे ना हे पाहायचे आणि मग कापायचे. पारदर्शक साच्याचा फायदा इथे कळतो. शिवणीची भोके, बटणांची भोके, कार्डाच्या खाचा, सगळे यानंतर. अस्तर आणि आतले कप्पेही टूलिंग केलेल्या तुकड्यावरून माप घेऊन कापावेत. आधी सगळे भाग कापून ठेवले की नंतर एका भागाला दुसऱ्याशी ओढूनताणून जुळवावे लागते आणि ते शिवणीत दिसते.

मागचा आधार

कल्पना अशी की मागची बाजू न ताणणाऱ्या एखाद्या पापुद्र्याला चिकटवून टाकायची, म्हणजे ठोका बसल्यावर चामड्याला खाली दबण्याशिवाय फार वाव राहत नाही. त्यासाठी कमीत कमी त्रासापासून जास्तीत जास्त पकडीपर्यंत चार पर्याय आहेत.

पहिला पर्याय पॅकिंग टेप. खोकी बंद करायची प्लास्टिकची टेप हाताने ओढून पाहिली तर लांबत नाही, हाच तिचा उपयोग. रंगकामाची कागदी टेप इथे वापरू नये. ती मुळातच सुरकुतलेली असते, त्यामुळे ताणते, आणि ओल लागली की सुटते. टेप लावण्याआधी चामडे पूर्ण कोरडे हवे. ओल्या चामड्याला ती धरत नाही. मागची बाजू केसाळ असेल तर 220 नंबरच्या सँडपेपरने हलकी घासा, सुटे तंतू ब्रशने झटका आणि मग पट्ट्या एकमेकींवर 5 मिलिमीटर चढवून लावा. त्यावर दुसरा थर पहिल्याला काटकोनात. एकाच दिशेने लावलेल्या पट्ट्यांमध्ये आडवा ताण जोडावर सुटतो, म्हणून दुसरा थर टाळू नका. शेवटी हाडाच्या पट्टीने किंवा चमच्याच्या पाठीने सगळीकडे दाबून घासा. टेपखाली हवेचा फुगा राहिला तर नेमके तिथेच चामडे पसरते. छोट्या कामांना आणि 2 मिलिमीटरच्या वरच्या चामड्याला एवढे पुरते.

दुसरा पर्याय जाड कार्डशीट किंवा जुनी एक्स-रे फिल्म रबर सिमेंटने चिकटवणे. रबर सिमेंट म्हणजे नंतर सोलून निघणारा सौम्य रबरी गोंद. दोन्ही पृष्ठभागांवर पातळ हात फिरवा, चिकटपणा बोटाला जेमतेम लागेल इतके वाळू द्या आणि मधून कडेकडे दाबत चिकटवा. फिल्म पाण्याने नरम होत नाही, म्हणून ती कार्डशीटपेक्षा चांगली. पाकिटाच्या पातळ चामड्यासाठी या सगळ्यांत हा पर्याय सर्वांत भरवशाचा. पकड टेपपेक्षा पक्की असते आणि काढताना चामड्यावर जोर येत नाही.

तिसरा पर्याय तुकडा 4 ते 6 मिलिमीटरच्या ॲक्रिलिकवर किंवा थेट दगडावर चिकटवून टाकणे. मोठ्या, खोल, दिवसेंदिवस चालणाऱ्या चित्रकामाला हा लागतो. पकड सगळ्यात जास्त, पण तुकडा उचलून मागून उठाव देता येत नाही आणि काढताना फार धीर लागतो. कडक काँटॅक्ट सिमेंट वापरले तर काढतानाच चामडे ताणले जाते आणि सगळी मेहनत उलटते, म्हणून इथेही सोलता येणारा सौम्य गोंदच घ्या.

चौथा पर्याय कायमचा. अस्तराचे चामडे टूलिंगच्या आधीच मागे चिकटवायचे. पट्टे, कोस्टर, घड्याळाची तबकडी अशा सपाट राहणाऱ्या वस्तूंना तो उत्तम. गोंद मात्र पाण्याला न सुटणारा हवा. पाण्यात विरघळणारा पांढरा गोंद चामडे ओले करताच नरम पडतो आणि थर एकमेकांवरून घसरतात. घडी पडणाऱ्या वस्तूला ही पद्धत वापरू नका. सपाट चिकटवलेले दोन थर दुमडले की आतल्या थराला सुरकुत्या पडतात.

चामडे खिळ्यांनी किंवा टाचण्यांनी पाटावर ठोकून ठेवण्याचा मोह आवरा. मधला भाग तरीही पसरतो आणि फुगवटा येतो. शिवाय ओल्या व्हेज-टॅनला साधे लोखंड लागले की टॅनिनशी संयोग होऊन निळसर काळे डाग पडतात, आणि ते निघत नाहीत.

ओल: इथेच बहुतेक काम बिघडते

टेप लावूनही चामडे पसरले अशी तक्रार असेल तर बहुधा चामडे जास्त ओले होते. पेरणीआधी शेतात जसा वाफसा यावा लागतो, तसाच चामड्यातही यावा लागतो. पाणी आतपर्यंत मुरलेले, पण वर थांबलेले नाही.

आधार लावलेला असल्यामुळे पाणी फक्त वरच्या बाजूने द्यायचे. स्वच्छ स्पंज भिजवून, पिळून, संपूर्ण पृष्ठभागावर एका हाताने सलग फिरवा. पाणी शोषले गेले की पुन्हा. पातळ चामड्याला दोन-तीन हात, जाडाला पाच-सहा. तुकडा बादलीत बुडवू नका. बुडवलेले चामडे गरजेपेक्षा कितीतरी जास्त पाणी पिते आणि टेपही सुटते. मग तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून 8 ते 12 तास ठेवा, म्हणजे ओल सगळ्या जाडीत सारखी पसरते. घाईत असाल तर निदान अर्धा-एक तास तरी द्या. पिशवीत एक-दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवायचे असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर बुरशी धरते.

पिशवीतून काढल्यावर लगेच ठोकायला बसू नका. रंग जवळजवळ कोरड्या चामड्याइतका उजळ झाला पाहिजे, पण गालाला लावल्यावर गार लागले पाहिजे. ती योग्य वेळ. एक ठसा कडेच्या जादा पट्टीवर मारून पाहा. ठशाभोवती पाणी वर आले, खड्डा लिबलिबीत वाटला किंवा त्याच्या कडा गोल राहिल्या तर अजून थांबा. ठसा गडद तपकिरी, धारदार उमटला तर सुरू करा. ठसा फिका पडला आणि मॅलेटला (ठसे ठोकायच्या हातोड्याला) जास्त जोर लागू लागला तर ओल कमी झाली. कमी ओलीवर जोराने ठोकणे हाही पसरण्याचा एक रस्ता आहे, कारण खोली मिळवण्यासाठी तीच जागा पुन्हा पुन्हा मारली जाते.

मध्येच ओल द्यावी लागली तर फक्त वाळलेल्या जागेवर पाणी लावू नका. एक भाग नरम आणि शेजारचा कडक असला की नरम भागच सगळा ताण घेतो आणि तिथे फुगवटा येतो. स्पंज पूर्ण तुकड्यावर फिरवा आणि थोडे थांबा. काम करत नसलेला भाग प्लास्टिकने झाकून ठेवला तर ही वेळ उशिरा येते. मागच्या टेपमुळे ओल फक्त वरून उडते, त्यामुळे ती एरवीपेक्षा जास्त वेळ टिकते. पाणी देताना हे ध्यानात घ्या.

ठोकताना

खाली दगड हवा. 30 मिलिमीटर किंवा अधिक जाडीची ग्रॅनाइट, संगमरवर किंवा क्वार्ट्झची लादी घ्या. आवाजासाठी रबर लावायचे तर ते लादीच्या खाली. चामड्याच्या खाली रबर किंवा लाकूड असले की प्रत्येक ठोक्याला चामडे खाली वाकते, म्हणजे ताणते, आणि वर ठसाही खोल उमटत नाही. मॅलेट नायलॉनचा किंवा कच्च्या चामड्याचा, साधारण 450 ग्रॅमचा. लोखंडी हातोडी ठसे खराब करते आणि तिच्या ठोक्याचा अंदाजही राहत नाही.

स्विव्हल नाइफची रेघ जाडीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंतच खोल ठेवा. 1.2 मिलिमीटरच्या चामड्यावर एक तृतीयांशच्या पुढे जाऊ नका. खोल कापलेली रेघ पुढे बेव्हलरने उघडत जाते आणि दोन्ही बाजूंचे चामडे एकमेकांपासून दूर सरकते.

काम मध्यापासून बाहेरच्या दिशेने न्या. कडेची बॉर्डर आधी पूर्ण ठोकून कडक केली आणि मग मधे बॅकग्राउंड भरले, तर मधले चामडे जायला जागा नसल्याने वर फुगते. बाहेरची रेघ आधी हलकी आखून ठेवायला हरकत नाही, पण तिचे बेव्हलिंग शेवटी. एकाच कोपऱ्यात सगळे बारकावे संपवत बसण्यापेक्षा आधी सगळ्या नक्षीचे बेव्हलिंग, मग सगळीकडचे बॅकग्राउंड, असे थर करत गेलात तर ताण सारखा वाटला जातो.

ठसा उभा धरा. तिरका ठसा चामडे एका बाजूला नांगरतो. खोली एका जोरदार ठोक्याऐवजी दोन फेऱ्यांत मिळवा. पहिल्या फेरीने तंतू दबून घट्ट होतात, दुसऱ्या फेरीत ते कमी सरकतात. मात्र तिसरी, चौथी फेरी नको.

बास्केटवीव्हसारख्या (टोपलीच्या विणीसारख्या) पुनरावृत्तीच्या ठशांमध्ये प्रत्येक ओळीत थोडी-थोडी वाढ जमा होत जाते आणि दहाव्या ओळीला ठसे तिरके धावू लागतात. मधोमध एक सरळ रेघ आखून तिथून दोन्ही बाजूंना जा आणि दर तीन-चार ओळींनी गुण्या लावून पाहा. फरक दिसताच पुढच्या ओळींत केसभर-केसभर दुरुस्त करा. उशिरा कळला तर तो लपवता येत नाही.

पट्ट्याच्या बाबतीत थोडे वेगळे

लांब पट्टीत रुंदी फार बदलत नाही, लांबी बदलते. 5 ते 8 सेंटिमीटर जास्त लांब कापा. बकलची घडी, भोके आणि टोकाचा आकार टूलिंग झाल्यावर. नक्षी एकाच कडेला असेल तर ती कड लांबते आणि पट्टा धनुष्यासारखा वळतो. अशा नक्षीला दुसऱ्या कडेलाही निदान एक बेव्हल केलेली रेघ द्या. कातड्याच्या पोटाकडच्या कडेने कापलेली पट्टी दोन्ही कडा सारख्या ठोकूनही वळते, कारण एक कड घट्ट आणि दुसरी सैल असते. पट्ट्यासाठी पाठीचा भाग घ्यायचा तो त्यासाठीच.

वाळवणे आणि आधार काढणे

आधार लगेच काढू नका. तुकडा सपाट पाटावर, सावलीत, हवा खेळती राहील असा 24 ते 48 तास वाळू द्या. ऊन, हीटर, गरम हवेचे ड्रायर टाळा. ओले व्हेज-टॅन सुमारे 70 अंश सेल्सिअसच्या पुढे कायमचे आकसून कडक होते, आणि त्याच्या खालची उष्णताही कडा वाकवते. वरची बाजू पसरलेली आणि मागची धरून ठेवलेली असल्यामुळे तुकडा मध्ये उंचावतो. हे अपेक्षित आहे. वरचा पृष्ठभाग कोरडा झाला की त्यावर स्वच्छ कापड आणि सपाट फळी ठेवून वजन ठेवा. नक्षी दबेल एवढे वजन नको.

रंग आणि अँटिक पेस्ट (नक्षीच्या खाचा गडद करणारी पेस्ट) लावायची असेल तर आधार तोपर्यंत ठेवणेच शहाणपणाचे, कारण रंगाने चामडे पुन्हा भिजते. काढताना तुकडा नक्षी खाली करून मऊ कापडावर ठेवा, एका हाताने चामडे सपाट दाबून धरा आणि टेप किंवा फिल्म स्वतःवरच उलटी दुमडत, अगदी सपाट कोनात, कण्याच्या दिशेने हळू ओढा. वाकायचे ते आधाराने, चामड्याने नाही. तंतू उपटून येऊ लागले तर उलट टोकाकडून सुरू करा. रबर सिमेंटचा उरलेला थर बोटाने किंवा क्रेप रबरच्या तुकड्याने घासून गोळ्या करून निघतो. तिथे पुढे अस्तर चिकटवायचे असेल तर मागची बाजू पुन्हा हलकी सँड करा, नाहीतर नवा गोंद जुन्या चिकट थरावर बसतो आणि काही दिवसांत सुटतो.

तरीही पसरले तर

आधार काढायच्या आधी साचा ठेवून मोजा. दोन्ही कर्णांची लांबी घ्या. कर्ण सारखे असतील तर तुकडा फक्त वाढला आहे आणि जादा पट्टीतून तो मापात येतो. कर्ण वेगळे असतील तर तो तिरका झाला आहे. अशा वेळी वरून एक हलका हात पाण्याचा द्या, पंधरा-वीस मिनिटांनी लांब कर्णाच्या टोकांकडून तळव्यांनी आत ढकलत, साच्याच्या रेषेवर येईपर्यंत थोडे-थोडे सरकवा आणि वजनाखाली वाळू द्या. 2 ते 3 मिलिमीटरचा फरक असा निघतो. त्याहून मोठा काढायला गेलात तर नक्षी चपटी होते. तेव्हा साचाच तेवढा लहान करून अस्तर आणि आतले भाग नव्या मापाने कापणे बरे.

नवे कातडे आणले की मुख्य कामाला लावण्याआधी त्याच्याच कडेचा 100 मिलिमीटरचा चौकोन कापा, मागे दोन खुणा करून अंतर मोजा, ठरवलेला आधार आणि ठरवलेली ओल देऊन निम्म्या भागावर दाट बॅकग्राउंड ठोका, वाळवा आणि पुन्हा मोजा. कडेचा तुकडा पाठीच्या भागापेक्षा थोडा जास्तच पसरणार, तेव्हा त्यात आलेली वाढ धरून सोडलेली जादा पट्टी कमी पडत नाही.